श्रीमंत मालक मिळाला, तरी चाहते का चिडतात?

अमेरिकेतला एखादा अब्जाधीश, आखातातल्या एखाद्या देशाचा सरकारी निधी किंवा कुठला तरी गुंतवणूक गट इंग्लंडमधला फुटबॉल क्लब विकत घेतो. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर दोन तऱ्हेचे व्हिडिओ फिरतात. एकात लोक स्टेडियमबाहेर नाचत असतात, दुसऱ्यात मालकाला 'चालते व्हा' सांगणारे फलक असतात. वणी तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांना हा दुसरा व्हिडिओ काही केल्या उमगत नाही. "सर, एवढा पैशेवाला मालक भेटला, तं हे लोक बोंबलून काऊन राह्यले?" दर वेळी हाच प्रश्न.

प्रश्न रास्त आहे. ज्या मुलुखात गावच्या कबड्डी सामन्यांच्या बक्षिसासाठीही दारोदार वर्गणी मागावी लागते, तिथल्या पोराला पैसा नको म्हणणारा माणूस वेडाच वाटणार. पण ते लोक पैसा नको म्हणत नाहीत. त्यांची तक्रार दुसरीच आहे, आणि ती कळायला क्लब म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते.

विकलं जातं ते नेमकं काय?

इंग्लंडमधले बहुतेक जुने क्लब कुणा धनिकाने काढलेले नाहीत. मँचेस्टर युनायटेड १८७८ साली न्यूटन हीथ या नावाने सुरू झाला; ती रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातल्या कामगारांची टीम होती. एव्हर्टन एका चर्चमधून निघाला, वेस्ट हॅम जहाजं बांधणाऱ्या कारखान्यातून. पुढे मैदान, तिकिटं, पगार असा व्याप वाढला तसे हे क्लब कंपन्या झाले. कंपनी झाली की शेअर आले, आणि शेअर ज्याच्याकडे जास्त तो मालक.

तरी बराच काळ तिथल्या फुटबॉल संघटनेचा दंडक होता की क्लब हे नफा काढायचं साधन नाही. लाभांशावर मर्यादा होती. १९८३ मध्ये टॉटनहॅमने क्लबच्या डोक्यावर एक वेगळी कंपनी उभी केली आणि ती शेअर बाजारात नेली. दंडक क्लबला लागू होता, वरच्या कंपनीला नव्हता. बांध तिथे फुटला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग ही देशातली सगळ्यात वरची लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला आणि ज्या क्लबांकडे गावातला एखादा कारखानदार हौसेने बघायचा, त्यांच्याकडे जगभरातले गुंतवणूकदार बघू लागले.

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायला सहकारी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, बरी पडते. तालुक्याच्या शेतकऱ्यांनी कधीकाळी शेअर भरून जिनिंग उभी केली. जागा, शेड, मशीन, नाव, सगळं त्यांच्या पैशातून. आता समजा, काही कायदेशीर खटपटी करून ते सगळे शेअर एका शेठच्या हातात गेले. कागदोपत्री जिनिंग शेठची झाली. पण हंगामात कापसाची गाडी घेऊन येणारा म्हातारा तिला 'आमची जिनिंग'च म्हणणार, कारण त्याच्या बापाने तिच्यासाठी पदरचे पैसे घातले होते. फुटबॉलचा चाहता म्हणजे हा म्हातारा. त्याच्याकडे शेअर नाही, पण तो आणि त्याच्यासारखे हजारो लोक आले नाहीत तर त्या शेडला आणि त्या नावाला काडीची किंमत नाही.

एक फरक मात्र मोठा आहे. जिनिंगवाल्याने काट्यात मारलं, तर म्हातारा पुढच्या वेळी गाडी दुसरीकडे वळवील. फुटबॉलचा चाहता तसं करत नाही. आजोबा ज्या क्लबचे, बाप ज्या क्लबचा, त्याच क्लबचा नातू. न्यूकॅसलचा माणूस वैतागून शेजारच्या संडरलँडचा चाहता झाला, असं होत नाही. बाजाराचा साधा नियम आहे की माल बिघडला की गिऱ्हाईक जातं, आणि त्या धाकाने दुकानदार सरळ राहतो. इथे गिऱ्हाईक जाणारच नाही हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. चाहत्यांच्या रागाचं मूळ इथे आहे, आणि पुढचं सगळं यातूनच निघतं.

पैसा क्लबमध्ये येतो की क्लबमधून जातो?

एक जड शब्द समजून घेऊ: लिव्हरेज्ड बायआउट. जी वस्तू विकत घ्यायची, तिच्याच तारणावर कर्ज काढून ती विकत घ्यायची, आणि हप्ते तिच्याच कमाईतून फेडायचे. म्हणजे शेठने जिनिंग घेताना स्वतःच्या खिशातून थोडंच घातलं, बाकीसाठी जिनिंगचीच जमीन आणि शेड बँकेकडे गहाण टाकली, आणि व्याज वसूल करायला रुई काढण्याचे दर वाढवले. व्यवहार कायदेशीर. पण ज्या जिनिंगवर काल एक रुपयाचं कर्ज नव्हतं, ती आज कर्जात, आणि तिच्या सभासदांनी एक पैसाही उचललेला नाही.

मँचेस्टर युनायटेडचं २००५ मध्ये अगदी हेच झालं. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने क्लब सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाची होती आणि त्या कर्जाचा मोठा भार क्लबवर आला. त्याआधी क्लब कर्जमुक्त होता, देशातल्या सगळ्यात श्रीमंत क्लबांपैकी एक होता. पुढच्या दोन दशकांत व्याज, कर्जापायीचे इतर खर्च आणि मालकांचा लाभांश मिळून १०० कोटी पौंडांहून जास्त रक्कम क्लबच्या तिजोरीतून गेली. ही रक्कम तिकिटांची, जर्सींची, टीव्हीची. म्हणजे चाहत्यांचीच.

म्हणून 'मालक श्रीमंत आहे ना?' हा प्रश्न अपुरा पडतो. मालक श्रीमंत असणं वेगळं आणि त्याने क्लबसाठी खिशात हात घालणं वेगळं. रोमन अब्रामोविच या रशियन अब्जाधीशाने २००३ मध्ये लंडनचा चेल्सी क्लब सुमारे १४ कोटी पौंडांना घेतला आणि पुढे सुमारे १५० कोटी पौंड क्लबला दिले. कागदोपत्री ते कर्ज होतं, पण त्याने ते वसूल केलं नाही. ग्लेझरही श्रीमंत, अब्रामोविचही श्रीमंत. एकाच्या काळात पैसा क्लबमधून बाहेर वाहिला, दुसऱ्याच्या काळात आत. मँचेस्टरच्या चाहत्याचा राग आणि चेल्सीच्या चाहत्याचं प्रेम यातला फरक एवढ्या एका गोष्टीत सापडतो.

मँचेस्टरच्या लोकांनी राग कसा दाखवला, तेही बघण्यासारखं आहे. २००५ च्या उन्हाळ्यातच काही हजार चाहते बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. एका सभासदाला एक मत, शेअर कितीही असोत. अगदी आपल्या सहकारी संस्थेसारखं. देशातल्या दहाव्या पायरीवरच्या लीगमधून त्यांनी सुरुवात केली आणि २०१५ मध्ये स्वतःचं मैदान उभारलं. जे आत राहिले, ते २०१० मध्ये लाल मफलर सोडून हिरवे-सोनेरी मफलर घालून येऊ लागले. हे रंग न्यूटन हीथचे, म्हणजे त्या रेल्वे कामगारांचे. मालकाच्या दुकानात विकायला असलेला लाल रंग नाकारायचा आणि क्लबचाच जुना रंग गळ्यात घालायचा. त्या वर्षी युनायटेडचाच जुना खेळाडू डेव्हिड बेकहॅम इटलीतल्या मिलान क्लबकडून तिथे खेळायला आला, आणि सामना संपल्यावर प्रेक्षकांतून आलेला तो मफलर त्याने उचलून गळ्यात घातला. हजारो निषेधपत्रकांपेक्षा हे सरस होतं.

राग 'परदेशी' माणसावर आहे का?

आमची पोरं पुढे विचारतात, मालक बाहेरचा आहे म्हणून हे चिडतात का? काही ठिकाणी तसा वासही येतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण इथे आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण पुढे ठेवतो, कारण या गोष्टीतला 'परदेशी धनिक' आपला आहे.

ब्लॅकबर्न हे इंग्लंडच्या उत्तरेतलं गिरण्यांचं गाव. जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलाद व्यावसायिकाने आपला पैसा घातला आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स १९९४-९५ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता ठरला. नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपण ज्याला 'व्यंकीज' म्हणतो त्याने, सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. आमच्या भागातल्या पोल्ट्रीवाल्यांना हे नाव सांगावं लागत नाही. महिनाभराच्या आत सॅम अलारडाइस या मुरलेल्या प्रशिक्षकाला काढलं आणि आधी कधीच मुख्य प्रशिक्षक नसलेल्या स्टीव्ह कीनच्या हाती संघ दिला. तिकडे हंगामात तळाशी राहिलेल्या क्लबांना खालच्या श्रेणीत जावं लागतं; मे २०१२ मध्ये विगनविरुद्धचा सामना हरून क्लब तसा प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात चाहत्यांनी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांचा धंदा काय, हे गावाला माहीत होतं. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला आणि पुढच्या वर्षी परतला.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. या मालकांनी क्लब ओरबाडला नाही. उलट वर्षानुवर्षं तोटा सोसून स्वतःचे कोट्यवधी पौंड त्यात घातले. म्हणजे इथे पैसा आतच येत होता. मग राग कशाचा? राग असा, की फुटबॉल न समजणाऱ्यांनी समजणाऱ्यांना विचारलं नाही, निर्णय हजारो मैलांवर झाले, आणि गावातल्या माणसाला 'असं का केलं?' हे विचारायला समोर कुणी नव्हतं. पुढे भारतातल्या एका चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली. इंग्लंडमधल्या क्लबचा खर्च दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून! आपल्या गावची संस्था अशी कुणा परक्या देशातल्या कोर्टाच्या तारखेवर अडकली असती, तर आपण काय केलं असतं, याचा विचार करून बघा. चेल्सीच्या चाहत्यांनाही २०२२ मध्ये याची चव चाखावी लागली. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, ब्रिटिश सरकारने अब्रामोविचवर निर्बंध लादले, आणि क्लबला काही आठवडे सरकारच्या खास परवान्यावर दिवस काढावे लागले. नवी तिकिटं विकायलाही बंदी. शेवटी क्लब २५० कोटी पौंडांना एका अमेरिकी गटाला विकला गेला.

याच्या अगदी उलट गोष्ट लेस्टरची. थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी २०१० मध्ये लेस्टर सिटी घेतला. २०१५-१६ मध्ये, सट्टेवाल्यांनी पाच हजारास एक भाव दिलेला असताना, हा क्लब लीग जिंकला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सामना संपल्यावर स्टेडियमबाहेर त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं आणि ते गेले. लेस्टरच्या लोकांनी तिथे फुलांचा, मफलरांचा ढीग लावला. घरचं माणूस गेल्यासारखे ते रडले. विचाई परदेशीच होते, पण ते सामन्यांना हजर असायचे, क्लबचं कर्ज त्यांनी अंगावर घेतलं, गावातल्या रुग्णालयाला देणगी दिली.

आणि सगळेच देशी मालक धुतल्या तांदळाचे नसतात. १८८५ मध्ये स्थापन झालेला बरी हा क्लब २०१९ मध्ये पैशांअभावी लीगमधून बाद झाला, तेव्हा त्याचा मालक इंग्रजच होता. म्हणून माझं ठाम मत आहे की पासपोर्टचा रंग हा इथला खरा मुद्दाच नाही.

जिंकायला लागले की सगळे गप्प बसतात ना?

बरेचसे बसतात, हे खरं. मँचेस्टर सिटी २००८ मध्ये अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्या गटाने घेतला. २०१२ मध्ये क्लबने ४४ वर्षांनी लीग जिंकली, २०२३ मध्ये एकाच हंगामात तीन मोठ्या ट्रॉफ्या. त्याच २०२३ च्या फेब्रुवारीत प्रीमियर लीगने क्लबवर आर्थिक नियम मोडल्याचे शंभराहून अधिक आरोप ठेवले. क्लबने ते नाकारले. बहुतेक सिटीचे चाहते मालकांच्या बाजूने उभे राहिले.

न्यूकॅसलची गोष्ट जास्त अवघड आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने या क्लबचा ८० टक्के हिस्सा घेतला. पूर्ण व्यवहार साडेतीस कोटी पौंडांचा. स्टेडियमबाहेर त्या रात्री हजारो लोक नाचले. आधीचा मालक माइक ॲशली चौदा वर्षं होता, इंग्रज होता, आणि त्याच्या काळात क्लब दोनदा खालच्या श्रेणीत गेला होता. लोकांचा आनंद त्याच्या जाण्याचा जास्त होता, असं मला वाटतं. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला. देशातली मोठी ट्रॉफी त्यांना १९५५ नंतर पहिल्यांदा मिळाली. सत्तर वर्षं! आजोबांनी पाहिलेली गोष्ट नातवाने पाहिली.

पण याच व्यवहारावर मानवी हक्क संघटनांनी जोरदार टीका केली. सौदी राजवटीवर टीका करणारे पत्रकार जमाल खशोगी यांची २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली होती. अशा वेळी एखादं राज्य खेळात पैसा ओतून जगापुढची आपली प्रतिमा उजळ करू बघतं, त्याला 'स्पोर्ट्सवॉशिंग' म्हणतात. खेळाच्या पाण्याने डाग धुणे. न्यूकॅसलच्याच थोड्या, पण ठाम चाहत्यांनी ट्रॉफीच्या आनंदातही हा विरोध सोडलेला नाही. शेजाऱ्या-पाजाऱ्यांचा रोष पत्करून ते उभे राहतात. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

आमच्या मैदानावर एक पोरगा न्यूकॅसलची काळी-पांढरी जर्सी घालून येतो. बाजारातली, स्वस्तातली. छातीवर 'सेला' असं लिहिलंय, त्यातला एक कोपरा धुवून धुवून उखडलाय. सेला कोण, हे त्याला माहीत नव्हतं. सांगितलं, सौदीची कार्यक्रम भरवणारी कंपनी आहे, न्यूकॅसलची प्रायोजक. तो म्हणाला, "मले तं वाटलं खेळाडूचं नाव हाय." प्रतिमा अशीच उजळते. वणी तालुक्यातल्या पोराच्या छातीवर ती येऊन बसते आणि त्याला पत्ताही नसतो.

शिवाय नुसता पैसा ओतून जिंकता येतं असंही नाही. क्लबने ठरावीक मर्यादेपलीकडे तोटा करू नये, असे लीगचे नियम आहेत. ते मोडले म्हणून २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी १० गुण कापले गेले. अपिलात ते ६ झाले. खर्च मालकाने केला, शिक्षा चाहत्यांना आवडणाऱ्या संघाला.

नाव, रंग आणि गाव

तोटा, कर्ज हे आकड्यांचे विषय. काही गोष्टींचा हिशेब आकड्यांत बसत नाही. मलेशियाचे व्हिन्सेंट टॅन यांनी कार्डिफ सिटी घेतला आणि २०१२ मध्ये संघाची निळी जर्सी लाल केली, चिन्हावर निळ्या पक्ष्याच्या जागी ठळक ड्रॅगन आणला. त्या क्लबचं टोपणनावच 'निळे पक्षी' आहे. पुढच्याच हंगामात क्लब प्रीमियर लीगमध्ये चढला, तरी लोक निळे मफलर घालूनच येत राहिले. जानेवारी २०१५ मध्ये टॅन यांनी निळा रंग परत आणला.

विम्बल्डनचं तर गावच गेलं. नॉर्वेच्या धनिकांच्या हाती असलेला हा लंडनचा क्लब २००२ मध्ये मिळालेल्या परवानगीने सुमारे नव्वद किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला हलवण्यात आला. मागे राहिलेल्या चाहत्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन काढला, मोकळ्या माळावर निवड चाचणी घेऊन खेळाडू गोळा केले, आणि नऊ वर्षांत, २०११ मध्ये, तळातून वर येत देशाच्या मुख्य लीग रचनेत पुन्हा जागा मिळवली. २०२० मध्ये ते प्लाव लेनच्या आपल्या जुन्या परिसरात नव्या मैदानावर परतले.

हे सगळं तिकडचंच, असं वाटत असेल तर कोलकात्याकडे बघा. १८८९ चा मोहन बागान, १९११ मध्ये अनवाणी खेळून ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवणारा. २०२० मध्ये त्याच्या फुटबॉल संघाचा बहुतांश हिस्सा एका भारतीय उद्योगसमूहाकडे गेला आणि नावाआधी 'एटीके' लागलं, म्हणजे त्या समूहाच्या आधीच्या क्लबचं नाव. मालक देशी, पैसा भरपूर. तरी 'एटीके काढा' ही मागणी थांबली नाही. २०२३ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकल्या रात्री मालकांनी ते नाव काढत असल्याचं जाहीर केलं.

चिडून होतं काय? मालक तर ऐकत नाही

ऐकतो. कधी ऐकतो, हे समजून घ्यायला लिव्हरपूलचा एक सामना पुरे आहे. २०१६ च्या सुरुवातीला क्लबच्या अमेरिकी मालकांनी नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं ठरवलं. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध सामना होता. लिव्हरपूल २-० ने पुढे. घड्याळात ७७ वं मिनिट लागलं आणि हजारो लोक खुर्च्यांवरून उठले, जिने उतरून बाहेर पडले. आपला संघ जिंकत असताना पाठ फिरवायची, हे चाहत्यासाठी किती कठीण असतं ते ज्याने रात्र रात्र जागून मॅच पाहिली त्यालाच कळेल. रिकाम्या होत गेलेल्या त्या स्टेडियममध्ये संडरलँडने दोन गोल करून सामना बरोबरीत आणला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि ते तिकीट रद्द केलं.

एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी आपापसातली बंद लीग, सुपर लीग, जाहीर केली. त्यात खाली जाण्याची भीती बहुतेकांना राहणार नव्हती, म्हणजे गुंतवणूक सुरक्षित. त्यातल्या सहाही इंग्लिश क्लबांनी दोन दिवसांत माघार घेतली. त्या संध्याकाळी चेल्सीच्या चाहत्यांनी आपल्याच संघाच्या बसची वाट अडवली होती. पंधरवड्याने, २ मे रोजी, मँचेस्टर युनायटेडचे चाहते थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

मात्र ग्लेझर गेले नाहीत, हेही खरं. २०२४ मध्ये त्यांनी चौथाईहून थोडा जास्त हिस्सा जिम रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतीला विकला, बहुमत स्वतःकडेच ठेवलं. चाहते एखादा निर्णय फिरवू शकतात. मालक बदलणं त्यांच्या हातात नाही.

मग विकताच येणार नाही, अशी सोय कुठे आहे का?

जर्मनीत आहे. तिथल्या नियमाला '५० अधिक १' म्हणतात: क्लबमधली निम्म्याहून एक जास्त मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजेत. गुंतवणूकदाराने पैसा घालावा, पण लगाम सभासदांच्या हाती. जुन्या काळापासून कंपन्यांशी जोडलेल्या लेव्हरकुसेन, वुल्फ्सबर्गसारख्या क्लबांना सवलत आहे, आणि लाइपझिगने मोजकेच सभासद करून नियमाचा आत्मा काढून घेतला अशी टीकाही होते. तरी नियम टिकून आहे. २०२३-२४ मध्ये जर्मन लीगने आपल्या माध्यम हक्कांच्या उत्पन्नातला एक हिस्सा गुंतवणूकदाराला द्यायचं ठरवलं, तेव्हा चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू आणि सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी फेकली. सामने थांबत राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो व्यवहार सोडून दिला.

कुणी म्हणेल, म्हणूनच जर्मन क्लब पैशात मागे पडले. पडले, खरं आहे. बायर्न सोडला तर इंग्लिश क्लबांच्या खर्चाला ते पुरे पडत नाहीत. पण तिकडे उभं राहून मॅच पाहायचं तिकीट साध्या कामगाराला परवडतं, आणि डॉर्टमुंडचं ऐंशी हजारांचं स्टेडियम भरलेलं असतं.

आणि विचारून विकलं तर काय होतं, ते वेल्समधल्या रेक्सहॅमने दाखवलं. हा क्लब २०११ पासून चाहत्यांच्याच संस्थेचा होता. २०२० मध्ये रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी या दोन उत्तर अमेरिकी अभिनेत्यांनी मागणी घातली, तेव्हा सभासदांचं मतदान झालं आणि ९८ टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. त्यांनी २० लाख पौंड क्लबमध्ये घातले. त्यानंतर २०२३, २०२४, २०२५ असा सलग तीनदा क्लब वरच्या श्रेणीत चढला. मालक परदेशी, श्रीमंत, क्लबशी काडीचाही पूर्वसंबंध नसलेले. पण विचारून आले.

आपला यात काय संबंध?

हा प्रश्न मला पोरांनी विचारलेला नाही, त्यांच्या पालकांनी विचारला आहे. सोयाबीनच्या भावाचं बघायचं सोडून मास्तर हे काय शिकवतात, असा त्यामागचा सूर. संबंध आहे. गुंतवणूकदार इंग्लंडमधला क्लब घेतो तो तिथल्या पन्नास-साठ हजार खुर्च्यांसाठी नव्हे. प्रीमियर लीगला २०२२ ते २०२५ या काळात ब्रिटनबाहेरच्या टीव्ही हक्कांतून मिळालेली रक्कम पहिल्यांदाच देशातल्या रकमेच्या वर गेली. वणी, वरोरा, घाटंजीत मोबाइलवर मॅच पाहणारा पोरगा त्या हिशेबात धरलेला असतो. शनिवारचा एक सामना तिकडे दुपारी साडेबाराला ठेवतात, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. आपल्याला सोयीचं. न्यूकॅसलहून लंडनला जाणाऱ्या चाहत्याला त्यासाठी पहाटे अंधारात निघावं लागतं.

२०२५ च्या जुलैत इंग्लंडमध्ये फुटबॉल प्रशासन कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. नव्या मालकाची पारख, मैदान विकायला आडकाठी, चाहत्यांशी सल्लामसलत या गोष्टी त्याने कायद्यात आणल्या. क्लबचं चिन्ह किंवा घरच्या जर्सीचा मुख्य रंग बदलायचा तर बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा हवा. हे चाहते म्हणजे इंग्लंड आणि वेल्समधले. कार्डिफसारखा प्रसंग पुन्हा आला, तर आपल्या पोराला कुणी विचारणार नाही.

हे ऐकून सेलावाला पोरगा जरा हिरमुसला. "मंग आमी फक्त पाहाचं?" मी त्याला सांगितलं, मला कायदा बरोबर वाटतो. जो पावसात उभा राहतो, ज्याच्या गावातून क्लब उचलला जाऊ शकतो, त्याचं मत आधी. आपल्याकडे मत नाही, पण आपल्या डोळ्यांवर आणि छातीवर त्यांचा धंदा चालतो, तेव्हा आपण कुणाचं नाव मिरवतो हे माहीत करून घेणं आपल्या हातात आहे. तो म्हणाला, पुढची जर्सी प्रायोजक नसलेली, जुन्या पद्धतीची मिळाली तर घेतो. वणीच्या बाजारात तशी मिळत नाही. नागपूरला कुणी गेलं की चौकशी करायची ठरलं आहे.